उतारवयातली झोप आणि थकवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात साठीपुढचं कुणी आलं की आधी गुडघे होतात, मग शुगर, मग प्रेशर. चिठ्ठी हातात घेऊन माणूस उठतो, दारापर्यंत जातो आणि तिथून वळून म्हणतो, "आणि हो, झोपेचं काय करायचं?" दाराशी विचारलेल्या अशाच प्रश्नांची ही उत्तरं, जरा बसून दिलेली. त्याआधी एक सांगते. झोप आणि थकवा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. झोपेची वेळ आणि तिचा पोत वयाबरोबर बदलणारच. थकवा मात्र वयाच्या नावावर खपवून टाकू नये. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं : झोपेसाठी गोळी मागतात आणि थकवा मुकाट सोसतात.

रात्री नऊला पडतो, तीनला जाग येते ती येतेच. हा निद्रानाश का?

आधी हिशेब करू. नऊ ते तीन, सहा तास. दुपारी जेवण झाल्यावर तासभर. संध्याकाळी मालिका लागली की खुर्चीत मान टाकून अर्धा तास. ही शेवटची डुलकी कुणी कबूल करत नाही. "डोळे मिटून ऐकत होतो" म्हणतात. बेरीज साडेसात तास. म्हणजे झोप पुरेशी झालेली आहे, ती फक्त अडनिड्या वेळी संपते.

यामागे मेंदूतलं घड्याळ आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. तो बाहेरच्या उजेडाशी आपलं शरीर जुळवून ठेवतो. विशीत हे घड्याळ मागे रेंगाळतं, म्हणून कॉलेजातली पोरं दोन वाजेपर्यंत टक्क जागी. साठीनंतर ते पुढे सरकतं, म्हणून आजोबा आठलाच पेंगतात आणि साडेतीनला उठून स्वयंपाकघरात भांडी वाजवतात. दोघांच्याही अंगात आळस किंवा शिस्त वगैरे काही नसते, ज्याच्या त्याच्या घड्याळाची ती वेळ असते. पेशींमधली ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी ती शोधली ती फळमाशीत, म्हणजे पिकल्या केळ्यांभोवती घोंघावते तिच्यात.

निद्रानाश म्हणायचं ते केव्हा? झोपायला पुरेसा वेळ आणि निवांतपणा असूनही आठवड्यात किमान तीन रात्री, तीन महिने असं होत असेल, आणि त्यामुळे दिवसाची कामं बिघडत असतील तर. तीनला जाग आली पण दिवस मजेत गेला, तर तो आजार नव्हे.

मग ही वेळ उशिरावर नेता येते का?

थोडीफार नेता येते, आणि त्याचं साधन फुकट आहे : उजेड. पहाटेचा उजेड घड्याळ आणखी पुढे ढकलतो, म्हणजे जाग आणखी लवकर; संध्याकाळचा उजेड मागे ओढतो, म्हणजे जाग उशिरा. ज्यांना तीनला जाग येते तेच नेमके सूर्योदयाला बागेत हजर असतात. त्यांनी महिनाभर फिरण्याची वेळ बदलून पाहावी, सकाळऐवजी संध्याकाळी पाच ते साडेसहा. घरी आल्यावर नऊपर्यंत दिवे लख्ख ठेवावेत. झोपायची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी लांबवत साडेदहावर आणावी. नऊ वाजता घरात सामसूम करून बसलात तर घड्याळ बिचारं काय करणार?

आणखी एक बारकावा. वयाबरोबर डोळ्यांतलं भिंग पिवळसर होत जातं आणि घड्याळाला लागणारा निळसर उजेड आत कमी पोचतो. त्यात मोतीबिंदू असला तर आणखी कमी. ज्यांचा दिवस खोलीत पडदे ओढून जातो, त्यांच्या मेंदूला दिवस उजाडल्याचं नीट कळतच नाही.

म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच लागते ना?

हा समज फार घट्ट बसलाय. गरज फारशी कमी होत नाही. तरुणांना ७ ते ९ तास सांगतात, पासष्टीपुढे ७ ते ८. कमी होते ती एका दमात झोपण्याची ताकद. मोठेपणी साठीपर्यंत दर दहा वर्षांना झोप साधारण दहा मिनिटांनी घटते, पुढे ती बरीचशी तिथेच थांबते.

खरा फरक पडतो तो गाढ झोपेत. विशीत एकूण झोपेचा साधारण पाचवा हिस्सा गाढ असतो, ज्यात कुणी उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं तरी पत्ता लागत नाही. हा हिस्सा तिशी-चाळिशीपासूनच गळायला लागतो, पुरुषांत अधिक. सत्तरीत झोप पातळ असते. कुत्रं भुंकलं, शेजारच्या मजल्यावर पंप सुरू झाला, दूधवाल्यानं फाटक वाजवलं, की जाग. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही" असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण पाच-सहा तास झोपलेले असतात. मधेमधे आलेली जाग लक्षात राहते, झोप लक्षात राहत नाही.

दुपारची झोप बंद करायची का?

पुण्यात बसून या प्रश्नाला होकार देण्याची माझी हिंमत नाही. पण वामकुक्षी म्हणजे जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ टेकणं. गादी घालून, पंखा लावून, पाच वाजेपर्यंत घोरणं म्हणजे वामकुक्षी नव्हे. चरकसंहितेनंही दिवसा झोपायला एरवी मनाई केली आहे. सूट आहे ती उन्हाळ्यात, आणि वृद्ध, बालकं, अशक्त यांना. तेव्हा ज्येष्ठांना परवाना आहेच.

जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची भूक तयार होते. दुपारी दोन तास झोपणं म्हणजे जेवणाआधी भजी खाणं. तीनच्या आत, वीस-तीस मिनिटं, गजर लावून. पाय लांब करून आरामखुर्चीत घेतली तर आणखी बरं, पलंगावर माणूस हरवतो.

चहाही याच हिशेबात येतो. कॅफिन अॅडिनोसिनची जागा अडवून बसतं आणि त्यातलं निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. चारचा चहा शेवटचा ठेवा. पाहुणे आले तर? अर्धा कप, आणि तोही दाखवण्यापुरता.

रात्रीतून चार वेळा लघवीला उठतो. पाणी कमी पिऊ का?

प्रोस्टेटची शंका सगळ्यांनाच येते आणि तपासायलाही हवंच. पण एक साधी गोष्ट आधी पाहा : संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्यावर खोल वळ उमटतो का? नडगीवर अंगठा दाबून ठेवला तर खळगा राहतो का? दिवसभर पाय लोंबकळते ठेवून बसल्यानं पायांत पाणी उतरतं. रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं, मूत्रपिंडात जातं, आणि तुम्ही दर दोन तासांनी उठता. अशांनी संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावं, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जातं. सूज नवी असेल, दम लागत असेल, तर मात्र उशीवर भागणार नाही, हृदय आणि मूत्रपिंड तपासायला हवं.

शिवाय रात्री लघवी कमी बनवा असं सांगणारं संप्रेरक वयाबरोबर मंदावतं. शुगर वाढलेली असली तर लघवी वाढते. प्रेशरची पाणी काढणारी गोळी रात्री घेत असाल तर डॉक्टरांना विचारून सकाळी घ्या. दिवसभराचं पाणी तोडू नका. ते संध्याकाळी सातच्या आत प्या. आणि पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर एक मंद दिवा ठेवा. पायपुसणं उचला.

घोरणं तर सगळेच घोरतात, नाही का?

घोरणं आणि मध्येच गप्प होणं यात फरक आहे. घोरता घोरता एकदम शांतता, दहा-वीस सेकंद काहीच नाही, मग गचका बसून मोठा श्वास. बायको घाबरून हलवते आणि नवरा म्हणतो, मी तर झोपलोच नव्हतो. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. घसा मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठवतो, आणि हे रात्रीतून शेकडो वेळा होऊ शकतं. अशा माणसाला आठ तास झोपून सकाळी डोकं जड, दुपारी वर्तमानपत्र हातात धरून डुलकी, आणि तीन गोळ्या घेऊनही प्रेशर वर. वय, वजन, जाड मान यांनी धोका वाढतो. बायका यातून सुटतात असं समजू नका. पाळी गेल्यानंतर त्यांचंही प्रमाण वाढतं, फक्त त्या घोरतात हे सांगायला कुणी धजत नाही. तपासणी एका रात्रीची असते, आता घरीही होते. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा मुखवटा पहिले पंधरा दिवस नकोसा वाटतो. ज्यांनी नेटानं लावला ते नंतर गावी जातानाही तो पिशवीत घालतात.

झोपेची अर्धी गोळी घेतली तर काय बिघडतं?

आमच्याच घरातलं सांगते. सासूबाईंना कुणीतरी प्रवासात अर्धी गोळी दिली होती. झोप छान लागली, म्हणून ती पुढे चार वर्षं चालली, मला न सांगता. साडीच्या घडीत स्ट्रिप असायची. एका पहाटे बाथरूमच्या उंबऱ्याशी पडल्या, मनगट मोडलं. खुबा वाचला हे नशीब. स्ट्रिप सापडली ती त्यांचा हात प्लास्टरमध्ये असताना त्यांची कपड्यांची फडताळं मी आवरायला घेतली तेव्हा.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या उतारवयात तरुणांसारख्या वागत नाहीत. डायझेपामचं उदाहरण घ्या. विशीत ती अर्धी उतरायला साधारण २० तास लागतात, ऐंशीत ९० च्या घरात. म्हणजे आजची गोळी उतरायच्या आत उद्याची, परवाची तिच्यावर चढत जाते. तोल जातो, विसर वाढतो, आणि घरचे म्हणतात आजींना विसरभोळेपणा लागला. शिवाय अल्प्राझोलाम, डायझेपाम या गोळ्या गाढ झोप देत नाहीत, उलट कमी करतात. २०१४ पासून अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम सरकारच्या एच-वन यादीत आहेत, म्हणजे दुकानदारानं चिठ्ठीची नोंद ठेवूनच द्यायच्या. तरी त्या कशा मिळतात हे तुम्हालाही माहीत आहे.

पण हे वाचून आज रात्रीच बंद करू नका. बरीच वर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर झोप पार उडते, थरथर सुटते, क्वचित फिट येते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं, आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत, महिने लागले तरी चालतील.

सर्दी-खाजेची गुंगी आणणारी जुनी गोळी झोपेसाठी घेणारेही असतात. त्यानं तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडते आणि डोक्यात गोंधळ उडतो. नको. दुधात चिमूटभर जायफळ चालेल, ते आजीच्या हातचं असेल तर आणखी चांगलं. पण झोप येईना म्हणून चमचाभर घालू नका, जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं.

मग गोळीविना इलाज कोणता?

आहे, आणि जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत तोच पहिला इलाज म्हणून सांगितला जातो : झोपेसाठीची वर्तन-उपचारपद्धती. नाव भारी आहे, काम सोपं पण चिवट. पलंगावर फक्त झोपायचं. जप, मोबाइल, हिशेब, भांडण सगळं दुसरीकडे. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बाहेर बसायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं (मी डाळ निवडायला सांगते), पेंग आली की परत. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवायचं. पावणेचार वाजलेत हे कळून आजवर कुणाला झोप लागलेली नाही.

याचा दुसरा भाग लोकांना पटत नाही. झोप पाच-सहा तास लागत असेल तर पलंगावर नऊ तास पडायचं नाही. साडेअकरा ते साडेपाच, एवढाच वेळ पलंगाला द्यायचा. झोप सलग झाली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायची. पहिला आठवडा वाईट जातो, दुसऱ्यात फरक दिसतो. फिट, पडण्याचा धोका किंवा मनाचा मोठा आजार असेल तर हे स्वतःच्या मनानं करू नये.

झोप होते, पण दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. वय झालं, दुसरं काय!

इथे मी खुर्ची पुढे ओढते. आधी सांगा, पेंग येते की शक्ती नसते? बसल्या जागी डोळे मिटत असतील तर दोष झोपेत : अॅप्निया, गोळ्या, अपुरी रात्र. डोळे उघडे, पण जिना चढवत नाही, पोळ्या लाटताना हात भरून येतात, देवपूजा बसूनच करावी लागते, तर तो थकवा. त्याची कारणं बहुतेक वेळा साध्या रक्ततपासणीत सापडतात.

हिमोग्लोबिन. बाईचं १२ च्या खाली किंवा पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे अॅनिमिया, मग वय काहीही असो. "या वयात एवढं चालायचंच" हे वाक्य मी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकलंय. चालत नाही. सत्तरीतल्या माणसाला लोह का कमी पडलं, पोटात कुठे रक्त झिरपतंय का, हे शोधावं लागतं. पाठोपाठ थायरॉइड, शुगर, मूत्रपिंड. आणि बी-१२ : शाकाहारी, त्यात वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन, त्यात रोज उपाशीपोटी अॅसिडिटीची पँटोप्राझोल, असा तिहेरी योग आपल्याकडे घरोघरी आहे. पायांना मुंग्या, जिभेची आग, चालताना तोल जाणं, ही बी-१२ कमी पडल्याची चाहूल.

रक्तातलं सोडियमही बघा. प्रेशरची पाणी काढणारी गोळी, वर मीठ तोडलेलं जेवण आणि भर उन्हाळा, यात ते उतरतं आणि आजी मलूल होतात, असंबद्ध बोलतात. प्रेशरसाठीच्या मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल या गोळ्यांनीही काहींना दमल्यासारखं होतं. संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त, तर टीबी डोक्यात आणायलाच हवा.

आणि मन. आपल्याकडचे आजोबा "मला उदास वाटतं" असं म्हणत नाहीत. "कशात राम नाही", "जेवण जात नाही", "अंगात त्राण नाही" म्हणतात, आणि त्यांनाही पहाटे तीनला जाग येते. जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात हे फार पाहते. नैराश्याला औषध आहे आणि ते या वयातही लागू पडतं.

एक मात्र थांबायचं नाही असं : अचानक आलेला विलक्षण थकवा, सोबत दम किंवा घाम. बायकांत आणि मधुमेह्यांत हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही असा येतो. टॉनिक आणायला जाऊ नका, रुग्णालयात जा.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. आता विश्रांती घेऊ ना?

नेमकी तीच नको. स्नायू तिशीपासून हळूहळू उतरतात, साठीनंतर भराभर. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं तेव्हा त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू गेले. दमतो म्हणून बसायचं, बसल्यानं आणखी दमायचं, असं ते चक्र आहे.

घरी करून पाहा. भिंतीला टेकवलेली बिनहाताची खुर्ची, हात छातीवर बांधलेले, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? आकडा कॅलेंडरवर लिहा. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा उठाबशा अशाच खुर्चीवरून करा, महिन्यानं पुन्हा मोजा. नुसतं चालणं पुरत नाही, मांड्यांना भार हवा. आणि खाणं : रात्री दूध-पोहे किंवा चहा-पोळीवर भागवणाऱ्यांना स्नायू मिळणार कुठून? दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमच्या वर प्रथिनं हवीत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

हे झोपेत ओरडतात, लाथा मारतात. स्वप्न पडलं म्हणतात.

स्वप्नाच्या झोपेत शरीर एरवी लुळं असतं. तो लगाम सुटला की माणूस स्वप्न अंगानं करतो : चोराला मारतो आणि मार बायकोला बसतो. पन्नाशीपुढच्या पुरुषांत हे जास्त. हसण्यावारी नेऊ नका. पार्किन्सन्सची, म्हणजे कंपवाताची, ही चाहूल बरीच वर्षं आधी असू शकते, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. तोवर पलंगाजवळचं स्टूल, तांब्या, काच हलवा. पडल्या पडल्या पाय वळवळणं, हलवल्याशिवाय चैन न पडणं, हे निराळं; त्यात शरीरातलं लोह आधी तपासतात.

आईला स्मृतिभ्रंश आहे. दिवसभर झोपते, रात्रभर "मला घरी जायचंय" म्हणते. आम्ही कधी झोपायचं?

त्या आजारात मेंदूतलं घड्याळच बिघडतं, म्हणून समजावून उपयोग होत नाही. सकाळी नऊला गॅलरीत उन्हात बसवा, शेंगा सोलायला द्या, दुपारी फार झोपू देऊ नका. अंधारायच्या आधी दिवे लावा. सावल्यांनी घाबरणं वाढतं. रात्र एकदम बिघडली असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं आधी शोधा, त्यांना ते सांगता येत नाही. आणि रात्रीची पाळी वाटून घ्या. एकटी सून किंवा एकटी लेक वर्षभर जागी राहिली तर वर्षाअखेरी दोन रुग्ण होतात.

मनगटावरचं घड्याळ म्हणतं, गाढ झोप फक्त ३८ मिनिटं.

घड्याळ काढून नातवाला द्या.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

दोन गोष्टी. एक जुनी वही, दोन आठवडे लिहिलेली : कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठलो, दिवसा कधी डुलकी, चहा किती. आणि औषधांची पिशवी, सगळीच्या सगळी. नुसती चिठ्ठी आणू नका. चिठ्ठीत हृदयाची आणि शुगरची असतात, पिशवीत शेजारणीनं दिलेली, भाच्यानं दुबईहून आणलेली आणि साडीच्या घडीतलीही सापडते.